एकास सत्त्याऐंशी

कोणतीही वस्तू सत्त्याऐंशी पटीनं लहान केली की तिच्यापायी होणारा मनस्तापही तेवढ्याच पटीनं लहान होईल, हा समज बोदवडला खोटा ठरला आहे. माझा आतेभाऊ तिथं राहतो आणि फावल्या वेळात डिझेल इंजिनाचं मॉडेल सजवतो, रंगवतो. फावला वेळ म्हणजे नोकरी, जेवण आणि झोप सोडून उरलेला. अलीकडं झोपेचाही त्यात समावेश झाल्याचं आत्या सांगते.

भुसावळहून नागपूरच्या दिशेनं निघालं की वरणगाव, आचेगाव आणि मग बोदवड. हे रूळ १८६७ साली नागपूरला पोचले, म्हणजे आगगाडी पाहणं या गावाला काही नवं नाही. तालुक्याचं गाव, कापूस, मका, जिनिंगचे कारखाने, उन्हाळ्यात पाण्याची वाट आणि वर्षभर धूळ. पण छंदाच्या दृष्टीनं गावाचं खरं वैशिष्ट्य म्हणजे भुसावळचा शेजार. या पट्ट्यात घरटी एक माणूस रेल्वेत असतो, नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेला असतो. मॉडेल करणाऱ्याला दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. पुण्यामुंबईत कुणी इंजिनाला भलत्याच ठिकाणी हॉर्न लावला तर लोक म्हणतात, वा, काय हुबेहूब! बोदवडला म्हणतात, "हे इंजिन तं फेल आहे."

बंधुराजांनी निवडलं ते डब्ल्यूडीएम-टू. यातला डब्ल्यू ब्रॉडगेजचा, डी डिझेलचा आणि एम म्हणजे मिश्र कामाचा: सवारीही ओढेल, मालगाडीही. १९६२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅल्को कंपनीकडून ही इंजिनं आली आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, लांबी सतरा मीटर, वजन ११२ टनांच्या वर. मुसंडी मारताना डोक्यावर काळ्या धुराचा असा लोट सोडायचं की इंजिन पुढच्या स्टेशनात पोचलं तरी धूर मागच्या स्टेशनाच्या शिवारात रेंगाळत असायचा.

पण नशीब मधल्या भावासारखं. थोरला कोळशाचा, त्याच्या वाट्याला बालगीतं आली, झुकझुक आली, मामाचा गाव आला. धाकटा विजेचा, त्याच्या वाट्याला नवे रूळ, नव्या तारा आणि पंतप्रधानांचा हिरवा झेंडा. मधल्यानं निमूटपणे मालगाड्या ओढल्या आणि तारा आल्यावर निमूटपणे बाजूला झाला. धावत होता तोवर त्याच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. आता त्याच्या कडेवरचे तेलाचे ओघळ नेमके किती इंच लांब होते यावर माणसं भिंग लावून अभ्यास करतात.

तर हे इंजिन १:८७ या प्रमाणात आणायचं. जगात या मापाला एचओ म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या याच मापाच्या. बंधुराज तिथं एकदा गेले ते कायमचेच. शरीरानं परत आले एवढंच. भुसावळच्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेतही मॉडेल रूम आहे, तिथं रेल्वेची माणसं छोट्या रुळांवर मोठ्या जबाबदाऱ्या शिकतात. त्यामुळं "खेळणं आहे" म्हणून कुणी हिणवलं की बंधुराज ताबडतोब संस्थेचा दाखला देतात. आत्याचं उत्तर तयार असतं, "त्याईले पगार भेटतो."

प्रमाणाचा हिशेब सुरुवातीला मोठा लोभस वाटतो. सतरा मीटरचं इंजिन वीस सेंटिमीटरवर येतं. वजन मात्र लांबी, रुंदी, उंची या तिन्ही बाजूंनी घटत असल्यामुळं ११२ टनांचं होतं पावणेदोनशे ग्रॅम. बामणोदच्या भरताचं एक वांगं याहून भारी भरतं. २६०० अश्वशक्तीचे होतात जेमतेम तीन वॅट, म्हणजे देवघरातला झिरोचा दिवा अख्ख्या इंजिनाहून दांडगा. इथपर्यंत गंमत आहे. पुढं रूळ येतात.

आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर. पण एचओचे रूळ बाजारात मिळतात ते साडेसोळाचे, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले. म्हणजे ज्या माणसानं पायरीच्या जाळीची भोकं मोजून घेतली, तो आपलं इंजिन उभं करतो भलत्याच देशाच्या रुळावर. खऱ्या मापात ही चूक चोवीस सेंटिमीटरची. खऱ्या रेल्वेत एवढ्या फरकानं चौकशी समिती बसते. छंदात मात्र या एका गोष्टीबद्दल सगळ्यांनी मौन पाळायचं असा जगभर अलिखित करार आहे. इंग्रजांनी तर स्वतःच्याच गाड्या वेगळ्या प्रमाणात करून याच साडेसोळावर चढवल्या आहेत. साहेबच चुकल्यावर बोदवडनं का लाजावं?

यातली खरी चेष्टा पुढं आहे. आमच्या जिल्ह्यात पाचोरा ते जामनेर अशी नॅरोगेज गाडी होती, लाडकं नाव पीजे. शंभरेक वर्षं रमतगमत चालली आणि २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता तो मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरहून पुढं बोदवडला जोडायचं ठरलंय. त्या पीजेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. त्याला सत्त्याऐंशीनं भागा: पावणेनऊ. आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात! म्हणजे जी छोटी गाडी बोदवडला कधी आलीच नाही, तिचं मॉडेल मापात चपखल बसतं. आणि जी दीडशे वर्षं रोज दारावरून जाते, तिचं बसत नाही. बंधुराजांना हे कुणी सुचवलं की ते विषय बदलतात आणि वातावरण किती तापलंय ते सांगतात.

बाजारातून आणलेलं मॉडेल वरवर पाहता पुरं असतं. कठडे, पायऱ्या, बिजागऱ्या, सगळं अंगावरच उठवलेलं. नेमकं तेच डोळ्यात खुपतं. खऱ्या इंजिनाचा कठडा अंगापासून सुटा असतो, त्यामागून हात घालता येतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे उठवलेले कठडे पात्यानं तासून काढायचे, जागा झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायची, तिथं अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकं पाडायची आणि त्यांत तारेचे नवे कठडे बसवायचे. आत्यानं हे सगळं शेवटापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "होतं ते काढलं, अन् काढलं ते लावलं. मंग केलं काय?"

तारेचा प्रश्न मात्र गावानं चुटकीसरशी सोडवला. खरा कठडा तीनसाडेतीन सेंटिमीटर जाडीचा. मॉडेलला चार दशांश मिलिमीटरची तार हवी. परदेशी ती पितळेची, काचेच्या नळीत घालून, वर लेबल लावून विकतात. बोदवडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. शेतकऱ्यांचे पंप जळतात, मिक्सर जळतात, पंखे जळतात, आणि कारागीर त्यांची आतडी काढून खुंटीला लटकवतो. त्या ढिगातून अठ्ठावीस नंबरची तार निवडायची. कारागिरानं विचारलं, "कितीच्या मोटारीला लावणार?" बंधुराज अभिमानानं म्हणाले, "सव्वीसशे हॉर्सपॉवर." तेव्हापासून तो दुकानदार त्यांना खुर्ची देतो. एवढा मोठा बागायतदार आपल्या तालुक्यात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

अशी मदत सगळीकडून येते. भिंग घड्याळजीचं, डोळ्यात अडकवायचं. चिमटा सोनाराचा. डिंक सोडायला इंजेक्शनची सुई, जुन्या एक्स-रे फिल्मचे छापे, नंबर कापायला रेडियमवाला. त्या रेडियमवाल्याचा आजवरचा अनुभव ट्रॅक्टरच्या मागं कुलदैवताचं नाव आणि पुढं मुलांची नावं घालण्याचा. पाच मिलिमीटर उंचीत पाच आकडे कापून दे म्हटल्यावर त्यानं आधी मागितलेलं माप पाहिलं, मग बंधुराजांकडं पाहिलं आणि मग अत्यंत सहानुभूतीनं विचारलं, "मोठ्यानं लिहिलं तर नाही चालणार का भो?"

आणि मग पडझड. पितळेचा तुकडा चिमट्यातून निसटला की त्या घरात श्वास थांबतो. कुणी पाय उचलायचा नाही, पंखा लावायचा नाही, झाडू तर दृष्टीसही पडता कामा नये. फरशी शहाबादी, तिच्या सांध्यांत बोटाचं नख जाईल एवढी फट. पाच मिलिमीटरच्या त्या फटीचा इंजिनाच्या हिशेबानं जवळजवळ हातभराचा चर होतो. त्यात हेडलाइटचं झाकण, वायपर, बफरची तबकडी असा ऐवज गेली काही वर्षं साठत आला आहे. ते घर कधी पाडलं तर उत्खनन करणाऱ्यांना इथं एक अतिशय बुटकी पण यंत्रकुशल संस्कृती नांदत होती असं वाटेल.

खरी परीक्षा रंगाची. रंग ही एकच वस्तू अशी, की जी प्रमाणात लहान व्हायला साफ नकार देते. ब्रशनं दिलेला एक हात वाळल्यावर साधारण वीसांश मिलिमीटर जाड असतो. गुणिले सत्त्याऐंशी: चार मिलिमीटरच्या वर. अस्तर धरून चार हात दिले की खऱ्या इंजिनावर सतरा मिलिमीटरचा थर चढला. त्याला रंग म्हणत नाहीत, गिलावा म्हणतात. खाली जे रिव्हेट आणि जाळ्या महिनाभर खपून कोरल्या, त्या सगळ्या लिंपल्या जातात आणि इंजिनाऐवजी नुकतीच सारवलेली कोठी दिसू लागते. म्हणून ब्रश बाद. एअरब्रश हवा, आणि एअरब्रशला हवेचा दाब हवा.

दाबाचं यंत्र जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून तयार झालं. ओट्यावर ते सुरू केलं की शेजारचे शेतकरी कुंपणापाशी येतात. पिचकारीसारखं काहीतरी हातात, नाकाला रुमाल, समोर धुक्यासारखा फवारा. पहिल्याच दिवशी गंभीर विचारणा झाली, "कोणतं औषध मारून राह्यला? बोंडअळीवर चालते का?" नाही म्हटल्यावर गर्दी पांगली. ज्या फवाऱ्यानं अळी मरत नाही, तो मारायचाच कशाला, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं रास्त होता.

रंगाला हंगाम असतो हे या छंदाच्या परदेशी पुस्तकांत लिहिलेलं नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी बोदवडचा मे महिना पाहिलेला नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की रंगाचा थेंब एअरब्रशमधून निघतो आणि इंजिनापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो. इंजिनावर जे पडतं ते रंगाचं पीठ. पावसाळ्यात उलट: हवेतलं पाणी रंगात शिरतं, वरच्या चकाकीवर पांढुरकी साय धरते आणि इंजिन ताप उतरलेल्या रोग्याच्या चेहऱ्याचं होतं. राहता राहिले दिवाळी ते शिवरात्र एवढे दिवस. हवा कोरडी, ऊन सोसवणारं, रंगाला साक्षात आमंत्रण.

आणि नेमकं तेव्हाच जिनिंग जोरात. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आणि ट्रक आले, पण कापूस तसाच उडतो. झाडांवर, तारांवर, बायकांच्या अंबाड्यांवर, लग्नाच्या मांडवावर. आणि ओल्या रंगावर. सरकीपासून सुटलेला एक धागा अठ्ठावीस मिलिमीटर लांब. गुणिले सत्त्याऐंशी करा, कारण इंजिनावर बसलेल्या वस्तूला इंजिनाचंच माप लागतं: जवळजवळ अडीच मीटर लांबीची आणि दीड मिलिमीटर जाडीची एक वायर टपावर आडवी पडलेली. ती चिमट्यानं उचलायला जावं तर खालचा रंग बरोबर येतो. तशीच ठेवावी तर खान्देशचं पांढरं सोनं कायमचं डिझेलच्या माथी. कापसाला भाव नाही म्हणून शेतकरी रडतो आणि भाव आला म्हणून जिनिंग दोन पाळ्यांत चालते तेव्हा बंधुराज रडतात. बाजारभावाचा इतका उलटा परिणाम सोसणारा तालुक्यात तो एकटाच.

यातून सुटलेलं इंजिन जेव्हा टेबलावर येतं, तेव्हा ते इतकं नवंकोरं दिसतं की पाहवत नाही. कोणत्याही स्टेशनात असं स्वच्छ डिझेल कुणी पाहिलेलं नाही. म्हणून पुढचं काम: ते मळवणं. टपावर काजळी, टाकीच्या तोंडाशी तेलाचे ओघळ, ब्रेकच्या ठोकळ्यांपाशी लोखंडाचा तांबूस भुगा, चाकांवर माती. या कामासाठी परदेशात रंगीत धूळ बाटलीत भरून विकतात. तिची किंमत ऐकून आत्या प्रथमच या छंदात मनापासून शिरली. ओट्यावरून रोज सकाळी सूपभर निघते. बाटल्या तेवढ्या तुम्ही आणा, असा तिचा प्रस्ताव होता.

तोही प्रमाणात बसला नाही. आमच्या धुळीचा साधा कण घेतला तरी मॉडेलवर तो चार मिलिमीटरची कच होऊन बसतो. इंजिन मळलेलं न दिसता खडीच्या डंपरखाली सापडलेलं दिसतं. शेवटी धूळ पाटावरवंट्यावर वाटून वस्त्रगाळ करावी लागली. ज्या फडक्यातून सितोपलादी चूर्ण गाळायचं, त्यातून बोदवडची माती गाळली गेली. आत्याला ही कृती फार आवडली. घरात आयुष्यभर जी झाडून बाहेर टाकली, तीच गाळून, डबीत भरून, झाकण लावून आत ठेवायची, हे तिच्या मते वेडेपणाचं पुढचं पाऊल होतं. पण निदान ते स्वयंपाकघराच्या वाटेनं पडलं होतं.

स्वयंपाकघराचा संबंध पुढंही आला. दसऱ्याला शेडमध्ये इंजिनाची पूजा होते: हार, कुंकवाचा स्वस्तिक, नारळ, पुढं टांगलेलं लिंबू. पूजेचं इंजिन करायचं तर हे सगळं हवंच. लिंबू म्हणून खसखस घेतली. दाणा जेमतेम नऊ दशांश मिलिमीटरचा; हिशेब केला तर आठ सेंटिमीटर. म्हणजे चांगलं रसदार मोसंबं. इंजिनापुढं मोसंबं टांगलेलं शोभत नाही, तेव्हा खसखस बाद. मग मोहरी काढली. तिचं माप भरलं पंधरा सेंटिमीटर आणि ती विनासायास नारळ झाली. आज त्या इंजिनापुढं एक फुटलेली मोहरी आहे. फोडायला किती मोहऱ्या लागल्या ते आत्याच्या फोडणीला विचारावं. लिंबू मात्र अजून सापडलेलं नाही. सृष्टीतलं सगळ्यात बारीक बी कोणतं, यावर सध्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलणी चालू आहेत.

इथवर जी माणसं भेटली ती इंजिनाबाबत निरागस होती. जाणकार नंतर आले.

नाना आणि अप्पा, दोघंही भुसावळ लॉबीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. आता लोको पायलट म्हणतात, पण "पायलट" म्हटलं की नाना वर आकाशात बघतात. दोघंही डिझेलवर राबलेले, दोघांचीही स्मरणशक्ती खणखणीत, आणि त्या दोन खणखणीत आठवणी कुठल्याही एका मुद्द्यावर जुळत नाहीत.

नानांनी इंजिन तळहातावर घेतलं. खाली वाकून पुढचा भाग पाहिला.

"व्हॅक्युमचा पाइप कुठी आहे याचा?"

अप्पा म्हणाले, "व्हॅक्युम कधीच गेला नाना. दोन पाइप लाव रे. एक ब्रेक पाइप, एक फीड पाइप. एकाचा कॉक हिरवा, दुसऱ्याचा पांढरा."

"आमच्या टायमाले व्हॅक्युमच होता."

"तुमच्या टायमाले कोळसा होता."

पुढचा तास मॉडेल बाजूला राहिलं. मग रंगाकडं गाडी वळली. इंजिन तांबडं होतं इथपर्यंत एकमत. कोणतं तांबडं? नाना म्हणाले विटकरी. अप्पा म्हणाले डाळिंबी. बंधुराजांनी मधे पडून सांगितलं की मॉडेलचा रंग मुळात थोडा फिका द्यावा लागतो, कारण लहान वस्तू आपण जणू लांबून पाहत असतो आणि लांबचा रंग फिका दिसतो. दोघांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग नाना म्हणाले, "आम्ही लांबून नाही पाहिलं बेटा. आम्ही आत बसलो होतो." आत बसलेल्याला बाहेरचा रंग कसा दिसला, हा प्रश्न विचारण्याचं धैर्य कुणात नव्हतं.

पंचाईत अशी की दोघंही बरोबर होते. एकेका डिझेल शेडचा रंगाचा हट्ट वेगळा, पट्ट्याची तऱ्हा वेगळी. इंजिन एका शेडमधून दुसऱ्या शेडला गेलं की नवा रंग, आणि खान्देशातल्या दोन उन्हाळ्यांत त्या रंगाचा तिसराच रंग. जाळ्या, हॉर्न, दिव्याची पेटी, ज्याला जशी सोय वाटली तशी त्यानं हलवली. एकच नमुना, पण एकासारखं दुसरं नाही. त्यामुळं हुबेहूब मॉडेल करायचं तर ते इंजिनाचं करून भागत नाही. एका इंजिनाचं, एका शेडमधलं, एका साली, आणि शक्यतो एका ड्रायव्हरनं पाहिलेलं करावं लागतं. सत्त्याऐंशीव्या भागात सगळं आकसतं. रंग आकसत नाही, धूळ आकसत नाही, आणि सल्ला तर पूर्ण मापाचाच राहतो.

नानांनी मग आपली खरी मागणी पुढं केली. केबिनजवळ लाइन बॉक्स ठेव. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हरची लोखंडी पेटी असायची. त्यात डबा, कपडे, झेंडे, नियमांचं पुस्तक. वर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि मुख्यालय. ती पेटी मॉडेलवर झाली सात मिलिमीटरची. तिच्यावर बंधुराजांनी ब्रशचा एकच केस राखून, श्वास रोखून, नानांचं नाव लिहिलं. अक्षरं अर्ध्या मिलिमीटरची. मला भिंगातूनही ती मुंग्यांची रांग वाटली. नानांनी पेटी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाव, हुद्दा, भुसावळ, सगळं धडाधडा वाचून दाखवलं. एवढंच नाही, "भुसावळमधला उकार राहिला," असंही सांगितलं. भिंग लावून पाहिलं तर खरंच राहिला होता.

अप्पांना साहजिकच आपली पेटी हवी झाली. आणि पेटी आली की त्या पेटीचं इंजिन आलं, त्या इंजिनाचा काळ आला, काळाबरोबर ब्रेकही आला.

तेव्हा बंधुराजांनी तोडगा काढला. कोणत्याही माणसाला इंजिनाची एका वेळी एकच बाजू दिसते, हे भौतिकशास्त्रातलं साधं सत्य. डावी बाजू नानांची: विटकरी, उन्हानं उडालेली, नानांच्या सांगण्याप्रमाणं ओघळ. उजवी अप्पांची: डाळिंबी, पट्टा सरळ, जाळी अलीकडची. राहिला पुढच्या पाइपांचा तंटा, कारण पुढचा भाग दोन्ही बाजूंनी दिसतो. तिथं इतिहासच मदतीला धावला. व्हॅक्युम जाऊन एअर ब्रेक येत होता त्या मधल्या काळात काही इंजिनांना दोन्ही यंत्रणा होत्या. ड्युअल ब्रेक. जाडा व्हॅक्युम पाइपही हवा आणि दोन बारीक पाइपही हवेत. म्हणजे दोघांना खूश ठेवण्यासाठी केलेली लबाडी चक्क अचूक निघाली. नाना-अप्पा मात्र यानं नाराज झाले. आपण बरोबर ठरावं आणि समोरचाही चुकू नये, असा न्याय त्यांना कुठल्याच चौकशीत मिळाला नव्हता.

थंडीत भरताची पार्टी ठरली आणि इंजिनाचं अनावरण तिथंच झालं. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी, मधोमध पाटावर इंजिन. नाना डाव्या अंगाला बसले, अप्पा उजव्या. आपापल्या बाजूनं पाहून दोघंही पहिल्यांदाच म्हणाले, "हां. आता जमलं." पलीकडं वाकून पाहायचं नाही असं बंधुराजांनी आधीच विनवलं होतं. कापसाचा धागा, फुटलेली मोहरी आणि चोवीस सेंटिमीटरनं चुकलेले रूळ यांवर भरताची वाफ छान पसरली होती.

एवढ्यात गल्लीतलाच एक पोरगा आला. नुकताच असिस्टंट लोको पायलट झालेला, विजेच्या इंजिनावर. त्यानं भाकरी मोडता मोडता इंजिनाकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि अगदी भोळेपणानं विचारलं, "भाऊ, याचा पेंटोग्राफ तुटला का?"

ते ऐकताच नाना आणि अप्पा एका बाजूला झाले आणि त्यांनी मिळून त्या पोराला सोळा सिलिंडर, टर्बो, लाँग हूड आणि बडनेऱ्यापर्यंतचे चढ असे काही समजावले, की भरीत निवलं. फक्त ते एका बाजूला झाले म्हणजे नेमके डाव्या की उजव्या, हा मुद्दा दुसऱ्या दिवशी सकाळी उपस्थित झाला आणि तो अजून मिटलेला नाही.